दूरध्वनी संच, जुने : प्लॅस्टिकांची ओळख

जुन्या दूरध्वनी संचांचे कवच, रिसीव्हरची मूठ आणि तिच्या टोकांवरील फिरकीच्या टोप्या यांत वापरलेली कृत्रिम द्रव्ये ओळखण्याची रीत. जुन्या बाजारात काळा, जड संच दिसला की त्याला सरसकट ‘बेकेलाइट’ म्हणतात. मात्र एकाच संचात दोन-तीन द्रव्ये असू शकतात. म्हणून परीक्षा भागागणिक करावी लागते.

फिनॉल व फॉर्माल्डिहाइड यांच्या विक्रियेतून चिवट राळ बनते, हे आडोल्फ फोन बायर यांनी १८७२ मध्ये नोंदले होते. तिचा उपयोग मात्र त्यांना दिसला नाही. ही विक्रिया उष्णता व दाब यांखाली आटोक्यात आणण्याचे श्रेय बेल्जियममध्ये जन्मलेले अमेरिकन रसायनज्ञ लिओ बेकलँड यांना देतात (पेटंटसाठी अर्ज १९०७, मंजुरी १९०९). त्यांच्या पद्धतीने बनलेली ही राळ म्हणजेच बेकेलाइट. ब्रिटिश अभियंते जेम्स स्विनबर्न यांचा अर्ज केवळ एका दिवसाने मागे पडला असे सांगतात. स्वतंत्रपणे तेथवर पोहोचल्याचा त्यांचा दावा ग्राह्य धरला, तरी उद्योगाची घडी बेकलँड यांच्याच पद्धतीवर बसली.

पहिला बेकेलाइट दूरध्वनी कोणता, याविषयी एकमत नाही. नॉर्वेजियन चित्रकार जाँ हायबर्ग यांनी बाह्यरूप दिलेला एरिक्सन या स्वीडिश कंपनीचा संच (१९३१-३२) हा मान पुष्कळदा मिळवतो. पण ब्रिटनमधील सीमेन्स ब्रदर्सचा ‘निओफोन’, म्हणजे टपाल खात्याचा १६२ क्रमांकाचा संच, साधारण १९२९ चा असल्याने कालक्रमात तो आधी येतो. एरिक्सनच्या घडणीचा प्रभाव पुढच्या संचांवर अधिक पडला; पहिलेपणाचा गोंधळ बहुधा त्यातूनच झाला असावा.

बेकेलाइट उष्मादृढ आहे : एकदा घट्ट झाले की पुन्हा वितळत नाही. राळेत बहुधा लाकडाचा भुगा मिसळत, त्यामुळे तुटलेली कड तपकिरी व भरड दिसते. फिनॉलची राळ मुळात गडद आणि काळाने अधिकच गडद होते. म्हणून काळ्या व तपकिरी संचांची चलती होती. फिकट रंगांसाठी यूरिया-फॉर्माल्डिहाइड किंवा उष्णतेने मऊ होणारी प्लॅस्टिके वापरत. वेस्टर्न इलेक्ट्रिक या अमेरिकन कंपनीच्या ३०२ संचाचे (१९३७) आरंभीचे कवच जस्ताच्या मिश्रधातूचे होते. १९४० नंतर टेनाइट हे सेल्युलोजजन्य प्लॅस्टिक आले, पण मूठ बेकेलाइटचीच असे. अमेरिकन रचनाकार हेन्री ड्रेफस यांनी घडण दिलेल्या त्याच कंपनीच्या ५०० संचाचीही सुरुवात टेनाइटने झाली. १९५० च्या दशकाच्या अखेरीस त्याची जागा एबीएस या उष्णतेने मऊ होणाऱ्या, चिवट प्लॅस्टिकने घेतली. टेनाइट आकसते व वाकडे होते. झाकण तळाशी नीट बसत नसेल, तर दोष दुरुस्त करणाऱ्याचा असेलच असे नाही.

पहिली परीक्षा नाकाची. अंगठ्याने जोरात घासून गरम केलेल्या बेकेलाइटला कार्बोलिक साबणासारखा वास येतो. टेनाइटचा वास खवट लोण्याचा, जुन्या सेल्युलोज ॲसिटेटचा व्हिनेगरचा, सेल्युलॉइडचा कापराचा. आणखी जुन्या संचांतील एबोनाइट, म्हणजे गंधक घालून कडक केलेले रबर, गंधकाचा वास देते आणि उजेडात हिरवट-तपकिरी पडते. दुसरी परीक्षा वजनाची : बेकेलाइटची सापेक्ष घनता सुमारे १·४, एबीएसची १·०५. संपृक्त मिठाच्या पाण्यात (सुमारे १·२) टाकलेली सुटी टोपी तरंगली, तर ती बेकेलाइटची नव्हे; ती बुडाली, तर मात्र यूरिया-फॉर्माल्डिहाइड व सेल्युलोज ॲसिटेट यांचाही विचार करावा लागतो. एबीएस व टेनाइट ॲसिटोनने विरघळतात, बेकेलाइट विरघळत नाही. हा प्रयोग आतल्या, न दिसणाऱ्या बाजूवरच करावा. अंतःक्षेपण साच्यातील, म्हणजे वितळलेले प्लॅस्टिक साच्यात दाबाने घुसवून केलेल्या भागावर (एबीएस, टेनाइट) द्रव शिरल्याच्या जागी लहानशी खूण राहते. दाबसाच्यातील, म्हणजे भुकटी साच्यात दाबून व तापवून केलेल्या भागावर (बहुधा बेकेलाइट) तशी खूण नसते, फक्त कडेची घासलेली रेघ असते. पितळ चकचकीत करण्याच्या मलमाने कापड पिवळे होते की नाही, ही दागिन्यांसाठी प्रचलित असलेली परीक्षा काळ्या संचांवर भरवशाची नाही. तापलेल्या सुईची परीक्षा टाळावी : खूण कायम राहते आणि सेल्युलॉइड झटकन पेटते. शंका उरल्यास अवरक्त वर्णपटलेखन (द्रव्य कोणते अवरक्त किरण शोषते ते मोजणारी प्रयोगशाळेतील तपासणी) निर्णायक ठरते.

भारतात बंगळुरूच्या इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजने (स्थापना १९४८) बनवलेल्या आरंभीच्या काळ्या संचांची घडण ब्रिटिश टपाल खात्याच्या ३०० मालिकेतील संचांशी मिळतीजुळती आहे. त्यांनाही हेच निकष लागू पडतात.