मामा तलाव : नावातला ‘माजी’ कुठून आला

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात गावाच्या वरच्या अंगाला पाळ घालून अडवलेला तलाव हमखास भेटतो. शासनाच्या कागदांत त्याची नोंद ‘मा. मा. तलाव’ अशी असते. माजी मालगुजारी या दोन शब्दांची ही आद्याक्षरे. बोलता बोलता मधली टिंबे गळाली आणि ‘मामा तलाव’ रूढ झाले. पूर्व विदर्भात असे सहा हजारांहून अधिक तलाव आहेत.

मालगुजार हा शब्द फारसीतला. माल म्हणजे शेतसारा आणि गुजार म्हणजे तो भरणारा. १८६० च्या दशकात इंग्रजांनी मध्य प्रांतात जमाबंदी केली, तेव्हा सारा भरण्याची जबाबदारी घेणाऱ्याला गावाची मालकीही दिली. गावाबरोबर तलाव त्याच्या नावावर चढला. बांधणारे मात्र बहुतेक ठिकाणी दुसरेच होते. यांतले कितीतरी तलाव चांद्याच्या (आजच्या चंद्रपूरच्या) गोंड राजवटीतले, कोहळी समाजाच्या हातचे. जो जंगल साफ करून तलाव बांधील, त्याला त्या पाण्याने भिजेल तेवढी जमीन मिळेल, असा गोंड राजांचा शब्द होता, ही परंपरा या भागात आजही सांगतात. बांधणाऱ्यांची आठवण नावात टिकली ती थोड्याच जागी. ‘नवेगावबांध’ आणि ‘सिवनीबांध’ या गावांच्या नावांत निदान बांध तरी राहिला. नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे मानतात. तलावाभोवतीच्या टेकड्यांवर कोलासूर देव म्हणून त्यांचे ठाणे आहे. एका माणसाच्या मालकीची, शेतातली लहान तळी ती ‘बोडी’. तिला तलाव म्हणत नाहीत.

तलावाची रचना साधी आणि अचूक आहे. पाणलोटातून येणारा येवा पाळीने अडतो. जास्तीचे पाणी सांडव्यावरून खालच्या तलावात जाते, म्हणून एकाच ओढ्यावर तलावांची माळच लागलेली असते. शेताला पाणी सोडण्याचे दार म्हणजे ‘तुडूम’. त्याला एकाखाली एक भोके असतात आणि ती लाकडी खुंट्यांनी बंद केलेली असतात. खुंटी काढायची ती पाण्याच्या पातळीजवळची. पाणी उतरले की तिच्या खालची. तळाची खुंटी आधी काढली तर वरच्या सगळ्या पाण्याचा दाब एका भोकावर येतो, धार आवरत नाही आणि नहर फुटते. हे पाणी मुख्यतः धानासाठी, तेही पावसाने ओढ दिल्यावर. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये धान गर्भात असताना एक पाणी चुकले तरी लोंब पोचट निघते.

‘माजी’ हा शब्द आला १९५१ मध्ये. विदर्भ तेव्हा मध्य प्रदेशात होता. तिथला मालगुजारांचे मालकी हक्क रद्द करणारा १९५० चा कायदा ३१ मार्च १९५१ पासून अमलात आला आणि तलाव सरकारजमा झाले. पुढे विदर्भ महाराष्ट्रात आल्यावर १०० हेक्टरपर्यंत सिंचन करणारे तलाव जिल्हा परिषदेकडे आणि मोठे पाटबंधारे खात्याकडे गेले. पण पाणी, मासे आणि गाळ यांवरचे गावाचे हक्क वाजिब-उल-अर्ज आणि निस्तार पत्रक या गावाच्या हक्क-वहिवाटीच्या सरकारी नोंदींत आधीच लिहिलेले होते. त्यामुळे पाणीपट्टी लागली तेव्हा शेतकऱ्यांनी तिला विरोध केला, आणि तो रास्तच होता. मालगुजाराला कुळांकडून मिळणारा खंड धानावर ठरत असे, म्हणून पाळ फुटली तर त्याचेही नुकसान होई आणि उन्हाळ्यात गाव तलावाच्या दुरुस्तीला लागे. सरकारी मालकीत नेमकी हीच कडी निसटली. तलाव कुणाचा, या प्रश्नाला गावात उत्तर उरले नाही.

नंतर काय झाले ते तलावात उतरल्यावर दिसते. एक हेक्टर तळावर १० सेंटिमीटर गाळ साचला की १,००० घनमीटर, म्हणजे १० लाख लिटर पाण्याची जागा जाते. काठावर बेशरम हे झुडूप माजते, कोरड्या पडलेल्या बुडीत क्षेत्रात कुणी धान लावतो. मग पाणी चढून पीक बुडू नये म्हणून त्याला सांडवा खाली हवा असतो आणि खालच्या शेतकऱ्याला तो वर हवा असतो. गावातली निम्मी भांडणे त्या फूटभर उंचीवरून होतात.

गाळ काढण्यातही चुका होतात. पाळीच्या पायथ्याशी खोदले तर पाळ खचते. चिकण मातीचा थर ओलांडून खाली गेले तर पाणी जमिनीत मुरते आणि खोल केलेला तलाव आधीपेक्षा लवकर आटतो. यंत्राने उभ्या कडांचे खड्डे पाडले की उथळ काठ संपतो. देवधान हा रानटी भात उगवतो तो याच काठावर, ढिवर म्हणजे मासेमार पकडतात त्या मरळ माशाची पिल्ले वाढतात तीही इथेच. पाळीवरचे मोठे झाड तोडून मुळे तशीच ठेवली तर ती कुजून पोकळ्या होतात आणि पुढच्या पावसाळ्यात पाणी तिथूनच वाट काढते. खेकड्यांची बिळेही अशीच घातक. तलाव भरण्याआधी, मे महिन्यात, ती मातीने ठासून बुजवावी लागतात.