कुंडल रोडची किर्लोस्करवाडी कशी झाली

महाराष्ट्रातल्या बहुतेक वाड्यांचा जन्म कोणालाच ठाऊक नसतो. एखादी विहीर, म्हसोबाचा दगड, चार भाऊबंदांची घरं आणि पुढे केव्हातरी पडलेलं नाव. सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यातली किर्लोस्करवाडी याला अपवाद. तिचं जन्मवर्ष पक्कं सांगता येतं, 1910. वर्धापन साजरा करताना इथल्या किर्लोस्कर कारखान्याचं कौतुक होतं आणि ते रास्तच आहे. पण ही वाडी मुळात जागा गमावलेल्या लोकांनी वसवली, हे त्या कौतुकात मागे पडतं.

लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत. हक्काची बढती डावलली गेली तेव्हा नोकरी सोडून ते बेळगावला आले. तिथे थोरले बंधू रामूअण्णा यांच्यासोबत सायकलींचं दुकान, मग कडबा कापायचं यंत्र आणि मग लोखंडी नांगर. नांगर खपेना. लोखंडाने जमीन नासते, विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत. पहिले काही नांगर विकायलाच दोन वर्षं गेली. जरा बस्तान बसतंय तोच कारखान्याची जागा नगरपालिकेला नव्या वस्तीसाठी हवी झाली आणि गाशा गुंडाळायची वेळ आली.

त्या सुमारास लक्ष्मणराव औंधला सभामंडपाच्या बांधकामात होते. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी नुकतेच गादीवर आलेले, चित्रकलेचे आणि सूर्यनमस्काराचे वेडे. त्यांनी आपल्या संस्थानात जागा देऊ केली, वर बिनव्याजी दहा हजार रुपयेही दिले. औंधचा मुलूख सलग नव्हता, इंग्रजी अमलात तुकड्यातुकड्यांनी विखुरलेला होता. त्यातल्या कुंडलच्या तुकड्यालगत रेल्वे जात होती आणि कुंडल रोड नावाचं स्टेशन होतं. लोखंड आणि कोळसा आणायचा, नांगर बाहेर धाडायचे, तर रूळ जवळ हवेतच. निवड झाली ती यामुळे, जमिनीकडे बघून खचित नव्हे.

कारण जमीन कसली, 32 एकरांचा उजाड माळ. फड्या निवडुंगाचं रान आणि त्यात नाग. पंचवीसेक कामगार बायकामुलांसह तिथे उतरले. आधी निवडुंग तोडायचा, मग राहायची सोय, मग कारखाना. रात्रीच्या पहाऱ्याला लक्ष्मणरावांनी शिक्षा भोगून आलेली माणसं नेमली. चोराच्याच हाती किल्ल्या! पण विश्वास टाकला की माणूस राखतो, हा त्यांचा हिशेब होता. याच संस्थानात 1939 साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची खुली कैदी वसाहत निघाली. तिचा वाडीशी थेट धागा जोडायला नको, पण वारं एकच होतं.

पहिल्या महायुद्धात परदेशी माल थांबला आणि लोखंडाची चणचण झाली. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा वितळवायला दिल्या. तोफांचे नांगर झाले, हे वाक्य आपण अलंकार म्हणून वापरू. इथे ते भट्टीत घडलं.

आणि या माळावरून एक मासिकही निघालं, ज्याची मला यंत्रांहून जास्त गंमत वाटते. 1920 साली लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव किर्लोस्कर यांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढलं, नांगराच्या गिऱ्हाइकांपर्यंत कारखान्याची बातमी पोचावी म्हणून. पुढे ‘खबर’ गळून नुसतं ‘किर्लोस्कर’ राहिलं, 1930 साली ‘स्त्री’ आलं, 1934 साली ‘मनोहर’. मध्यमवर्गीय घरांत बंडखोर विचार पोचवणाऱ्या अंकांवर पत्ता असे एका आडबाजूच्या वाडीचा.

1948 मात्र वाईट गेलं. गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलीत कारखान्याला आग लावली गेली. त्याच वर्षी मार्चमध्ये औंध संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. जागा देणारं राज्य संपलं, त्या जागेवरचं उभारलेलं जळालं, दोन्ही काही आठवड्यांच्या अंतरात. लक्ष्मणराव तेव्हा अठ्ठ्याहत्तरीत होते.

कारखाना पुन्हा उभा राहिला. आज तिथे पंप बनतात. स्टेशनच्या पाटीवर कुंडल रोड नाही, किर्लोस्करवाडी आहे.