टोमॅटोचं बूड काळं का पडतं

परवा शेजारच्या काकू गच्चीवरच्या कुंडीतले तीन टोमॅटो घेऊन आल्या. वरून छान लाल व्हायला लागलेले, आणि बुडाला मात्र रुपयाएवढा काळा, आत दबलेला, चामड्यासारखा डाग. म्हणाल्या नजर लागली असेल, कुंडीला लिंबू-मिरची पण बांधलीये. आणि दिंडोरीकडे टोमॅटो करणाऱ्या त्यांच्या पुतण्याने पानांवर कॅल्शियम मारायला सांगितलंय. नजरेने फळ सडत नाही, तो विषय तिथेच संपला. डाग पडतो तो फळाच्या बुडाला कॅल्शियम कमी पडल्यामुळे. पण पानांवर मारलेलं कॅल्शियम फळात जाईल हा समज खूप जणांचा असतो आणि तो का चुकीचा आहे हे कळायला झाडाच्या रसात काय असतं ते बघावं लागतं.

शाळेत शिकलोय ना, जलवाहिनी मुळाकडून पाणी वर नेते आणि रसवाहिनी पानात तयार झालेलं अन्न सगळीकडे पोचवते. हे अन्न म्हणजे मुख्यतः सुक्रोज, आपल्या डब्यातली साखरच. एरंडाच्या रसात लिटरला साधारण 80 ते 106 ग्रॅम साखर सापडली, शिवाय 5 ग्रॅमच्या आसपास अमिनो आम्लं, 2 ते 4 ग्रॅम पोटॅशियम, थोडं फॉस्फेट, क्लोराइड, मॅग्नेशियम, प्रोटीन. माडाची नीरा प्यायला असाल तर हा रस तुम्ही चाखलाय, फुलोरा कापल्यावर ठिबकते ती तीच.

हा रस शुद्ध मिळवणं अवघड, कारण रसवाहिनीची नळी कापली की झाड लगेच भोक बुजवतं. म्हणून 1953 मध्ये केनेडी आणि मिट्लर या संशोधकांनी मावा, म्हणजे झाडाचा रस शोषणारा बारीक किडा, कामाला लावला. त्याची सोंड नळीत असतानाच किडा कापून टाकायचा, सोंड तशीच ठेवायची, मग आतल्या दाबाने रस आपोआप थेंब थेंब बाहेर येत राहतो. माव्याने चिकटा पडतो तो याच गोड रसाचा, पोटातून गेलेला.

आता कॅल्शियम. या रसात ते अगदीच किरकोळ असतं आणि त्याला कारण आहे. रस अल्कधर्मी असतो, पीएच साधारण 7.5 ते 8, आणि त्यात फॉस्फेटही असतं. तिथे कॅल्शियम जास्त झालं तर फॉस्फेटबरोबर साका होऊन खाली बसेल. शिवाय जखम झाली की कॅल्शियम आत घुसतं, तोच झाडासाठी इशारा असतो, मग नळीतल्या चाळणीसारख्या भोकांवर कॅलोज नावाचा भोक बुजवणारा पदार्थ साचून नळी बंद होते. म्हणजे रोजच्या रसात कॅल्शियम भरलं तर रसवाहिनी स्वतःलाच कोंडून घेईल! मला हे फार सुंदर वाटतं.

म्हणून कॅल्शियमला जलवाहिनी हाच रस्ता उरतो, आणि जिथून पाण्याची वाफ होते तिकडेच ते ओढलं जातं. पानांना हजारो रंध्रं असतात, टोमॅटोच्या सालीला एकही नाही. त्यामुळे पानं कॅल्शियम खाऊन घेतात आणि फळात जे पाणी येतं ते बहुतेक रसवाहिनीतून, साखर आणि पोटॅशियम घेऊन, कॅल्शियमशिवाय. बूड तर देठापासून सगळ्यात लांब, तिथल्या पेशींच्या भिंती आधी ढिल्या पडतात. आपल्याकडे जमिनीत चुनखडी असूनही असं होतं ते याचमुळे, आणि पानावर मारलेलं कॅल्शियम पानातच राहतं, दुधाचं पाणी फवारा नाहीतर महागडी बाटली.

काकूंची कुंडी छोटी आहे आणि त्या दोन-तीन दिवस विसरून मग एकदम बादली ओततात. माती सुकली की जलवाहिनीतला पुरवठा तुटतो आणि नेमकं फळ लहान असतानाच तुटला की डाग येतो. त्यांना रोज सकाळी थोडं थोडं पाणी आणि मातीवर पालापाचोळा घालायला सांगितलंय. डागाचा भाग कापून वरचा टोमॅटो आमटीला चालतो, तो त्यांनी कालच वापरला.