शिंगाचा कर्करोग आणि श्वसनमार्गाचे अस्तर: वादाची पार्श्वभूमी

बैलाच्या शिंगाच्या कर्करोगाची चर्चा बहुतेक वेळा शस्त्रक्रियेपुरती होते. शिंग कधी कापायचे, किती खालून कापायचे, जखमेत अळ्या पडू नयेत म्हणून काय करायचे, एवढ्यावर ती थांबते. हा रोग ज्या थरात सुरू होतो असे आज बहुतेक विकृतिशास्त्रज्ञ मानतात, तो थर मात्र शिंगाचा नाही. तो कपाळाच्या हाडातल्या पोकळीचा, म्हणजे फ्रंटल सायनसचा आहे आणि त्या नात्याने वरच्या श्वसनमार्गाचा आहे. हे मान्य व्हायला इतका वेळ का लागला, हे समजायचे तर पाळीव जनावरांच्या नाकाचे सूक्ष्मदर्शकाखालचे वर्णन कसे घडत गेले ते थोडे मागे जाऊन पाहावे लागते.

सुरुवातीचा काळ लवकर आटोपता येतो. नाकातला शेंब मेंदूतून झिरपतो ही जुनी समजूत १६६० च्या सुमारास जर्मन विद्यापीठांत खोडली गेली आणि तो नाकाच्या अस्तरातूनच स्रवतो हे मान्य झाले. १८३४ च्या आसपास सस्तन प्राण्यांच्या श्वसनमार्गात पक्ष्माभिकांची, म्हणजे पेशींवरच्या केसांसारख्या सिलियांची, हालचाल प्रथम नोंदवली गेली. १८६७ मध्ये शेंब स्रवणाऱ्या चषकपेशींना, म्हणजे गॉब्लेट पेशींना, आजचे नाव मिळाले. पुढच्या दशकात ऊती रंगवणाऱ्या हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिनची जोडी रूढ झाली. विसाव्या शतकाच्या मध्यावर श्लेष्मल द्रव्य किरमिजी रंगवणारे पीएएस रंजन आले आणि चषकपेशी मोजणे सोपे झाले. १९५० च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने पक्ष्माभिकांची आतली रचना उलगडली.

या सगळ्या प्रवासात पाठ्यपुस्तकाचा नमुना प्राणी होता घोडा. १७६१ मध्ये लियाँला पहिले पशुवैद्यकीय विद्यालय स्थापन झाले. पुढे युरोपभर अशा शाळा निघाल्या, तेव्हा त्यांच्यापुढचे मोठे काम घोडदळाचे होते. शरीररचनेची पुस्तके घोड्यावर बेतली गेली आणि गाय, शेळी, डुक्कर ‘फरक’ या सदराखाली आले. मुंबईत परळला १८८६ मध्ये पशुवैद्यकीय शिक्षण सुरू झाले तेही याच परंपरेत. घोड्याला शिंग नाही. त्यामुळे सायनसची पोकळी शिंगात शिरते, तिला स्वतःचे अस्तर आहे आणि त्या अस्तराचेही रोग असू शकतात, हा विषय त्या मांडणीत एका ओळीपुरता उरला. भारतासारख्या देशात, जिथे शेतीचा भार बैलाच्या मानेवर होता, ही उणीव फार महागात पडली असे माझे स्पष्ट मत आहे.

वासराच्या शिंगाच्या जागी आधी कातडीतली कळी असते. तिच्याखाली कपाळाच्या हाडाचा उंचवटा वाढत जातो आणि शिंगाचा हाडाचा गाभा तयार होतो. साधारण सहा महिन्यांच्या वयापर्यंत हा गाभा भरीव असतो. मग मागच्या फ्रंटल सायनसची पोकळी त्यात शिरू लागते आणि वयाबरोबर पुढे सरकते. म्हणूनच मोठ्या जनावराचे शिंग कापले की सायनस उघडा पडतो आणि जखमेतून श्वासाची हवा येताना दिसते. या पोकळीचे अस्तर नाकातल्या अस्तरासारखेच, आभासी बहुस्तरीय (एकच थर, पण अनेक भासणारा), पक्ष्माभिकायुक्त, मधून मधून चषकपेशी असलेले. पण नाकापेक्षा पातळ, ग्रंथी कमी असलेले आणि खालच्या हाडाच्या आवरणाशी एकजीव झालेले. मागच्या सायनसचे तोंड अरुंद असते आणि ते नाकाच्या मागच्या वरच्या, एथमॉइड भागात उघडते. आतला स्राव बाहेर पडण्याची भिस्त पक्ष्माभिकांवर असते. त्या गळाल्या तर स्राव तिथेच साचतो.

रोगाच्या नोंदी विसाव्या शतकात वाढत गेल्या. १९३५ मध्ये डच ईस्ट इंडीजमधून (आजचा इंडोनेशिया) झेबू, म्हणजे वशिंडाच्या, जनावरांच्या शिंगाच्या बुंध्यावरच्या कर्करोगाचे वर्णन आले. १९५३ मध्ये जुन्या बडोदा संस्थानचा प्रदेश आणि मेरठ विभाग अशा दोन्हीकडून अहवाल छापले गेले. १९६९ च्या सुमारास मुंबईतल्या कर्करोग संशोधकांनी भारतीय जातींमधल्या प्रादुर्भावाचा अभ्यास प्रसिद्ध केला. या नोंदींतून उभे राहिलेले चित्र पुढे फारसे बदलले नाही. रोग मुख्यतः झेबू गोवंशाचा, वय साधारण पाच ते दहा वर्षे, बैलांत सर्वाधिक, गायींत कमी, वळूंत क्वचित, म्हशींत अगदीच विरळा. बहुधा एकच शिंग धरते. जनावर डोके झटकते, मान एका बाजूला कलती ठेवते, शिंग खुंटाला घासते. त्याच बाजूच्या नाकपुडीतून रक्तमिश्रित स्राव येतो. मग शिंग बुंध्याशी मऊ पडते, वाकते, शेवटी गळून पडते आणि फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी मांसल वाढ बाहेर दिसते. गाठ पुढे कानाखालच्या लसीकाग्रंथीत आणि कधी फुफ्फुसांत पसरते.

सूक्ष्मदर्शकाखाली ती स्क्वेमस पेशींची गाठ असते. थरावर थर असलेल्या चपट्या पेशी आणि मधोमध केराटिन या कठीण प्रथिनाचे गोलाकार मोती. खरा गुंता इथून सुरू होतो. शिंग हेही केराटिनच आहे. मग गाठ शिंग तयार करणाऱ्या बाह्यत्वचेतूनच निघाली असणार, असे पहिल्या पिढीला वाटले. त्यात गैर काही नव्हते. शिंगाच्या बुंध्याशी सतत विभाजन पावणारा अंकुरस्तर असतो, जोखडाचा आणि दोरीचा घाव तिथेच बसतो, वाढही प्रथम तिथेच डोळ्यांना दिसते. शिंगे साळण्याची पद्धत, पोळ्याला लावला जाणारा हिंगूळ आणि रंग, कडक ऊन अशी सगळी संशयित कारणे बाहेरून येणारी होती. रोगाचे मूळ बाहेरच्या थरात मानले की ती आपोआप पटत होती.

दुसऱ्या बाजूचा पुरावा हळूहळू जमा झाला. लवकर सापडलेल्या जनावरांत शिंगाचे बाहेरचे आवरण शाबूत आणि आतली पोकळी मात्र गाठीने भरलेली आढळली. नाकातून रक्त येणे हे शिंग हलू लागण्याच्या आधीचे लक्षण होते, आणि बाह्यत्वचेच्या रोगाने नाकातून रक्त का यावे, याला पहिल्या मताकडे सरळ उत्तर नव्हते. गाठीच्या कडेच्या छेदांत तर क्रमच दिसत होता. दूरवर नेहमीचे पक्ष्माभिकायुक्त अस्तर, जवळ आल्यावर चषकपेशी नाहीशा, मग पक्ष्माभिका नाहीशा, पेशींचे थर वाढलेले, वरच्या पेशी चपट्या आणि शेवटी अस्तराखालचा तळपडदा ओलांडून हाडात घुसलेली गाठ. एका प्रकारच्या अस्तराची जागा दुसऱ्याने घेणे, म्हणजे मेटाप्लेजिया, श्वसनमार्गाला नवीन नाही. १९२५ मध्ये अमेरिकेत उंदरांवर झालेल्या कामाने दाखवले होते की अ जीवनसत्त्व तोडले की श्वसनमार्गाचे नाजूक अस्तर केराटिन बनवणाऱ्या स्क्वेमस थरात बदलते. कोंबड्यांच्या नाकात आणि अन्ननलिकेत हाच बदल पशुवैद्य अजूनही पाहतात. म्हणजे केराटिनचे मोती दिसले एवढ्याने मूळ बाह्यत्वचेत आहे असे ठरत नाही. या वादातला सर्वांत वजनदार मुद्दा हाच आहे आणि तो पहिल्या मताच्या पायालाच हात घालतो.

मग वाद इतकी वर्षे का चालला? माझ्या मते मोठे कारण प्रयोगशाळेच्या टेबलावर आहे. कापलेल्या शिंगातून तपासणीसाठी तुकडा पाठवताना मऊ गाठीचा मधला भाग पाठवणे सोयीचे असते. तो पॅराफिन मेणात बसतो आणि त्याचे छेद सहज पडतात. पण मधल्या भागात गाठीचे नाव कळते, गाव कळत नाही. मूळ शोधायचे तर कडेचा तुकडा हवा, ज्यात निरोगी अस्तर, बदललेले अस्तर, गाठ आणि हाड एकत्र आहे. हाड आले की ते फॉर्मिक आम्लात किंवा ईडीटीए या रसायनात मऊ करावे लागते. आम्लाने काम लवकर होते पण रंग फिके उठतात. ईडीटीएने पेशी चांगल्या राहतात पण आठवडे जातात. शिवाय पक्ष्माभिका मृत्यूनंतर लवकर झडतात. उशिरा फॉर्मलिनमध्ये टाकलेल्या तुकड्यात त्या नाहीत म्हणून ‘अस्तर बदललेले आहे’ असा निष्कर्ष काढला तर तो चुकीचा ठरू शकतो. भर म्हणजे दवाखान्यात येईपर्यंत रोग बहुतेकदा इतका पुढे गेलेला असतो की दोन्ही थर त्यात विरलेले असतात. त्यामुळे दोन्ही बाजूंच्या जुन्या वर्णनांत ‘मूळ’ म्हणून सांगितलेली जागा कित्येकदा फक्त तुकडा घेतल्याची जागा असण्याची शक्यता आहे.

काही लेखकांनी मधला मार्ग काढला. काही गाठी सायनसच्या अस्तरातून, काही बुंध्याच्या बाह्यत्वचेतून निघत असाव्यात, असे त्यांचे म्हणणे. ते सरसकट फेटाळता येत नाही. पण आतली पोकळी रिकामी आणि अस्तर निरोगी, गाठ मात्र केवळ बाहेर, अशी जनावरे नेहमी भेटली असती तर त्याला बळ मिळाले असते. नेहमीचे चित्र त्याच्या उलट आहे.

मुळाच्या प्रश्नाचा उपचाराशीही संबंध आहे. शिंग बुंध्याशी कापून वरची वाढ काढली, पण सायनसमधले बदललेले अस्तर तसेच राहिले, तर गाठ पुन्हा येण्याला वाव राहतो. १९७० च्या दशकापासून गाठीच्याच ऊतीचा फिनॉलयुक्त अर्क टोचण्याचे प्रयोग उत्तर भारतात झाले आणि काही जनावरांत गाठ ओसरल्याचे अहवाल आले. पुढे व्हिन्क्रिस्टिन हे कर्करोगाचे औषध शस्त्रक्रियेच्या जोडीला आले. जखम उघडी ठेवण्याऐवजी कातडीचा पदर ओढून सायनसचे तोंड झाकण्याची पद्धतही रुळली.

बैल आणि वळू यांच्यातल्या फरकाने खच्चीकरणाकडे आणि संप्रेरकांकडे लक्ष वेधले. विषाणूंचाही शोध झाला, विशेषतः चामखीळ आणणाऱ्या पॅपिलोमाचा. यांपैकी एकाही गोष्टीवर कारण म्हणून शिक्कामोर्तब झालेले नाही. २०१० नंतर गुजरातेत आणंदच्या परिसरातून गाठीतल्या आणि निरोगी ऊतीतल्या जनुकांच्या अभिव्यक्तीची (कुठले जनुक किती सक्रिय आहे याची) तुलना करणारे शोधनिबंध आले. इथे जुना प्रश्न नव्या रूपात परत येतो. तुलनेसाठी ‘निरोगी’ ऊती म्हणून नेमका कुठला थर घ्यायचा? बाह्यत्वचा घेतली तर केराटिनची जनुके दोन्हीकडे सापडतील. सायनसचे अस्तर घेतले तर तीच जनुके गाठीत कितीतरी पटींनी वाढलेली दिसतील. ऊतिशास्त्राने थर ठरवून दिल्याशिवाय रेण्वीय जीवशास्त्राची आकडेवारी अर्थपूर्ण होत नाही.

नावांच्या बाबतीतही उशीर झाला. पशुवैद्यकीय शरीररचनेची आंतरराष्ट्रीय संज्ञासूची १९६८ मध्ये आली, पण पशुवैद्यकीय ऊतिशास्त्राची स्वतंत्र सूची निघायला २०१७ उजाडले. तोवर मानवी ऊतिशास्त्राच्या संज्ञा जनावरांना लावल्या जात होत्या. माणसाच्या सायनसची कुठलीही शाखा शिंगात जात नाही.

दरम्यान खुद्द रोगाभोवतीची परिस्थिती बदलली आहे. ट्रॅक्टरमुळे बैल कमी झाले. २०१२ ते २०१९ या दोन पशुगणनांमध्ये देशातल्या नर गोवंशाची संख्या सुमारे ३० टक्क्यांनी घटली. महाराष्ट्रात मार्च २०१५ पासून वळू आणि बैलांच्या कत्तलीवर बंदी आहे. साहजिकच कत्तलखान्यातून ताज्या ऊती मिळवणाऱ्या अभ्यासकांना राज्यात कायदेशीर मार्गाने मिळणारे मोठ्या जनावराचे डोके मुख्यतः म्हशीचे असते. म्हशीच्या नाकाच्या अस्तरावर काम होणे चांगलेच आहे, पण हा रोग म्हशीत जवळजवळ होत नाही. निरोगी बैलाच्या शिंगातल्या अस्तराचे वयानुसार वर्णन करायचे तर आता शवविच्छेदनावर आणि इतर कारणांनी कापलेल्या शिंगांवर अवलंबून राहावे लागते. शवविच्छेदनात वेळ दवडला की पक्ष्माभिका हाती लागत नाहीत.

संकरित गोठ्यांत वासराच्या पहिल्या काही आठवड्यांतच शिंगाची कळी डागून जाळतात. गाभा वाढतच नाही, त्यामुळे सायनसला शिरायला शिंग उरत नाही. खिल्लार, कांकरेज अशा लांब शिंगांच्या जातींत मात्र शिंग हीच जातीची ओळख आहे आणि त्यांच्या मालकांना कळी जाळायला सांगणे कोणत्याही पशुवैद्याला शक्य नाही. या जातींच्या बाबतीत एका बाजूच्या नाकपुडीतून रक्त येताना दिसले की शिंग हलण्याची वाट न पाहता सायनस तपासणे, आणि शिंग कापलेच तर हाडासकट कडेचा तुकडा लगेच फॉर्मलिनमध्ये टाकणे, एवढे आजही गावपातळीच्या दवाखान्यात करता येते.