‘सगळं काढूनच टाका’ म्हणण्याआधी

स्तनातली गाठ कॅन्सरची आहे असं बायोप्सीत कळतं आणि त्याच संध्याकाळी घरात ठरूनही जातं: ‘उगाच धोका नको, सगळं काढूनच टाका.’ बोलणाऱ्यांच्या मनात माया असते आणि भीतीही. पण सुरुवातीच्या टप्प्यात पूर्ण स्तन काढल्याने आयुष्य वाढतं, हा समज चाळीस वर्षांपूर्वीच तपासला गेला आणि तो टिकला नाही.

अमेरिकन सर्जन विल्यम हॉल्स्टेड यांनी १८९०च्या दशकात स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या ग्रंथी एकदमच काढायची पद्धत रूढ केली. जितकं जास्त कापू तितकं बरं, असा हिशेब. हात सुजायचा, खांदा आखडायचा, तरी कित्येक दशकं तेच चाललं. दुसरे अमेरिकन सर्जन बर्नार्ड फिशर यांनी मात्र १९७६ मध्ये थेट चाचणीच लावली. १८००हून अधिक स्त्रियांचे तीन गट: पूर्ण स्तन काढलेल्या, फक्त गाठ काढलेल्या, आणि गाठ काढून रेडिएशन दिलेल्या. वीस वर्षांनंतरचे निष्कर्ष २००२ मध्ये आले. तिन्ही गटांत जगण्याचं प्रमाण सारखंच होतं. त्याच स्तनात कॅन्सर उलटण्याचं प्रमाण मात्र नुसती गाठ काढलेल्यांत ३९ टक्के, रेडिएशन घेतलेल्यांत १४ टक्के. तेव्हा स्तन राखायचा असेल तर रेडिएशनला सहसा फाटा देता येत नाही.

गाठ पूर्ण निघाली हे कळतं कसं? काढलेल्या तुकड्याच्या कडांना शाई लावतात आणि त्याचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. कॅन्सरच्या पेशी शाईला टेकलेल्या दिसल्या, तर कड स्वच्छ नाही. बहुधा आणखी थोडं काढावं लागतं. काखेतही आता सरसकट सगळ्या ग्रंथी काढत नाहीत. स्तनात निळं रसायन टोचतात, ते ज्या ग्रंथींत आधी पोचतं त्या काढून तपासतात, कारण कॅन्सरही सहसा आधी तिथेच पसरतो. त्या स्वच्छ निघाल्या तर बाकीच्यांना हात लावायचं कारण नसतं, आणि हात सुजण्याचा धोका पुष्कळ कमी होतो.

मला टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने झालेली एक चाचणी फार मोलाची वाटते. शस्त्रक्रियेच्या काही मिनिटं आधी गाठीभोवती लिग्नोकेन, म्हणजे दात काढताना देतात तसलं भुलीचं स्वस्त इंजेक्शन. १६०० स्त्रियांवरच्या या चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले: पाच वर्षांनी इंजेक्शन दिलेल्यांपैकी सुमारे ९० टक्के हयात होत्या, न दिलेल्यांपैकी सुमारे ८६ टक्के. हे अजून सगळीकडे रुळलेलं नाही; आपल्या सर्जनना जरूर विचारावं.

पुढचे बरेचसे निर्णय बायोप्सीच्या रिपोर्टमधल्या तीन ओळींवर ठरतात: ईआर आणि पीआर (कॅन्सरच्या पेशींवर इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन या हार्मोन्सना प्रतिसाद देणारे भाग आहेत का) आणि हर-टू (पेशींची वाढ वेगाने करणारं एक प्रथिन जास्त आहे का). पहिल्या दोहोंपैकी एक जरी पॉझिटिव्ह असली तरी टॅमॉक्सिफेनसारख्या हार्मोनविरोधी गोळ्या निदान पाच वर्षं घ्याव्या लागतात. कंटाळून त्या मध्येच सोडणं हा फार महागात पडणारा निर्णय असतो. केमो प्रत्येकीला लागतेच असं नाही. लागणार असेल आणि पुढे मूल हवं असेल, तर बीजांडं किंवा भ्रूण गोठवून ठेवण्याचं बोलणं केमोच्या आधीच व्हायला हवं.

पूर्ण स्तन काढणं कधी योग्य ठरतं? स्तनात दूरदूर अनेक ठिकाणी गाठी असतील, स्तनाच्या मानाने गाठ फार मोठी असेल, किंवा रेडिएशन देता येण्यासारखं नसेल तर. बीआरसीए या जनुकात दोष असलेल्या (म्हणजे स्तनाच्या कॅन्सरचा आनुवंशिक धोका जास्त असलेल्या) काही जणीही तो पर्याय निवडतात. शिवाय आपल्याकडे अंतराचा प्रश्न आहेच. रेडिएशन पूर्वी रोज, पाच-सहा आठवडे घ्यावं लागे. आता अनेकींना तीन आठवडे पुरतात, काहींना तर पाचच फेऱ्या. तरीही मशीन शंभर किलोमीटरवर असेल, राहायची सोय नसेल, घरी लहान मूल असेल, आणि एखादी सारं समजून पूर्ण शस्त्रक्रिया निवडत असेल, तर तिच्या निर्णयाला कुणी घाबरटपणा म्हणू नये. फक्त तो तिचा असावा. त्यासाठी दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला आठवडा-दोन आठवडे गेले, तर सहसा काही बिघडत नाही. महिनोन्‌महिने मात्र घालवू नयेत.