‘निराधार’चा अर्ज परत का येतो?

संजय गांधी निराधार अनुदान योजना आणि श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजना, दोन्हींना गावात एकच नाव आहे: ‘निराधारचे पैसे’. महिन्याला 1500 रुपये. दिव्यांगांना ऑक्टोबर 2025 पासून 2500. वय 65 च्या आत असलेल्या विधवा, परित्यक्ता, घटस्फोटित बाया, किमान 40 टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र असलेले, दुर्धर आजाराने घरी बसलेले, अनाथ मुलं हे सगळे संजय गांधीत येतात. 65 च्या पुढचे श्रावणबाळमध्ये. अर्ज सेतूतून किंवा तहसीलच्या संजय गांधी शाखेत करायचा. फोटो, रेशनकार्ड, पासबुक यांवरून सहसा कुणाचं अडत नाही.

अडतं ते उत्पन्नाच्या दाखल्यावर. कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न 21,000 च्या आत हवं, दिव्यांगांसाठी 50,000 पर्यंत चालतं. 21,000 म्हणजे महिन्याला 1750. रोजगार हमीची 2025-26 ची मजुरी दिवसाला 312 रुपये होती. म्हणजे घरातल्या एकाने 68 दिवस खडी फोडली की कुटुंब मर्यादेबाहेर, आणि केंद्राची हमी मात्र तेव्हा 100 दिवसांची होती! पण हे गणित घेऊन तलाठ्याशी भांडू नका, मर्यादा त्याने ठरवलेली नाही. त्यापेक्षा रेशनकार्ड बघा. म्हातारीचं नाव मुलाच्या कार्डावर असेल तर मुलाची कमाईही मोजली जाते. चूल खरोखर वेगळी असेल तर आधी कार्ड विभक्त करा, मग दाखल्याला जा. उलटं केलंत तर एकदा साठ हजारांचा दाखला निघतो आणि तोच पुढे आडवा येतो. वेगळी चूल नसताना दाखवू मात्र नका. चौकशीला आलेल्या माणसाला शेजारीच सगळं सांगतात.

दुसरी अडचण वयाची. आमच्याकडे एक आजी आल्या. आधारवर जन्मतारीख 1 जानेवारी 1965. त्या म्हणाल्या, “बहात्तरच्या दुष्काळात माझी थोरली दोन वर्षांची होती, काखेत घेऊन खडी फोडली मी.” थोरलीचा शाळेचा दाखला काढला, त्यावर 1970. म्हणजे आधारच्या हिशेबाने आजींना पाचव्या वर्षी लेक झाली. आधार काढताना तारीख माहीत नसली की 1 जानेवारी टाकून वर्ष अंदाजाने ठोकलं जायचं, त्याचा हा प्रसाद. आधार हा जन्मतारखेचा पुरावा नाही असं आधारवाले स्वतःच सांगतात, ऑक्टोबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही वयासाठी शाळेचा दाखला ग्राह्य धरला. खिडकीवर मात्र आधारचंच वय बघतात. दुरुस्ती होते, पण जन्मतारीख सहसा एकदाच बदलता येते. म्हणून शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्माची नोंद हाती आल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका. आणि विधवा असाल तर 65 ची वाट कशाला बघता? संजय गांधीत आत्ताच बसता.

परित्यक्तांचे हाल सगळ्यात जास्त. नवऱ्याने टाकल्याचा कागद कोण देणार? कोर्टात अर्ज केला असेल तर त्याची प्रत लावा. नसेल तर तलाठी आणि ग्रामसेवकाकडून विभक्त राहत असल्याचा दाखला मिळवावा लागतो, आणि तिथे “पुन्हा नांदायला जाणार नाहीस कशावरून?” असले प्रश्न ऐकावे लागतात. सोबत कुणीतरी बाई घेऊन जा.

विधवांचं अडतं नावावर. मृत्यूच्या दाखल्यावर ‘बाळू’, रेशनकार्डावर ‘बाळासाहेब’, आणि बाईच्या आधारवर अजून माहेरचं आडनाव. सगळे कागद एका चटईवर शेजारी शेजारी मांडा आणि अक्षर न् अक्षर ताडून बघा. अर्धा तास लागतो, तहसीलच्या चार फेऱ्या वाचतात. जाता जाता: नवरा कमावता होता, साठीच्या आत गेला आणि कुटुंब दारिद्र्यरेषेखालचं असेल, तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे एकरकमी 20,000 वेगळे मिळतात. त्याचा अर्ज वेगळा, आणि तो आपण विचारल्याशिवाय सहसा कुणी सांगत नाही. सीमेवरच्या तालुक्यांत आणखी एक पेच आहे. महाराष्ट्रात 15 वर्षांचं वास्तव्य लागतं, त्यामुळे कर्नाटकातून लग्न होऊन आलेल्या लेकीसुना अडकतात. मुलांचे शाळेचे दाखले, जुनी मतदार यादी, जे इथलं असेल ते जपून ठेवा.

मंजुरी आली तरी पैसे हातात आले असं नाही. डिसेंबर 2024 पासून अनुदान डीबीटीने, म्हणजे सरकारकडून थेट बँक खात्यात येतं. बँकेत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे लिंक झालं, हा समज काढून टाका. सीडिंग, म्हणजे सरकारी पैसे येण्यासाठी आधार खात्याला जोडणं, वेगळं असतं, आणि आधारचं सीडिंग शेवटी ज्या बँकेत झालं तिथेच पैसे जातात, अर्जात कुठलंही खातं लिहा. एका मावशींचे आठ महिन्यांचे पैसे ‘बंद’ होते. ते साचत होते सिमकार्ड घेताना दुकानदाराने उघडलेल्या पेमेंट बँकेच्या खात्यात. त्यांना त्याचा पत्ताच नव्हता. माय आधार संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’मध्ये बँकेचं नाव दिसतं, फक्त ओटीपीसाठी मोबाईल आधारला जोडलेला हवा. चुकीची बँक दिसली तर आपल्या बँकेत सीडिंगचा फॉर्म भरा आणि पोच घ्या.

‘लाडकी बहीण’ चालू असेल तर दोन्हीकडचे 1500 मिळत नाहीत. तिथे वय 65 पूर्ण झालं की पैसे थांबतात आणि बाया श्रावणबाळकडे येतात. पण तिथली मर्यादा अडीच लाखांची होती, इथली एकवीस हजारांची. तिकडे बसलेली बाई इकडे बसेलच असं नाही.

हयातीचा दाखला दरवर्षी द्यायचा असतो. तो राहिला म्हणून पैसे थांबलेले कितीतरी जण नवा अर्ज करायला येतात. नवा अर्ज करू नका, पुन्हा अर्ज मंजूर करणाऱ्या समितीच्या बैठकीची वाट बघत बसाल. आधी तहसीलच्या शाखेत जाऊन जुन्या मंजुरीचा क्रमांक दाखवा आणि नाव नेमकं कशामुळे थांबलंय ते विचारा.