पिसांवर झालेलं बारसं: ईगलनेस्टच्या बुगुन लिओसिक्ला या पक्ष्याची पार्श्वभूमी

अरुणाचलमधलं ईगलनेस्ट अभयारण्य १९८९ साली जाहीर झालं. नावाचा गरुडाच्या घरट्याशी संबंध नाही. १९५०च्या दशकात लाल गरुडाचं चिन्ह असलेली लष्कराची डिव्हिजन या भागात होती, तिच्यावरून ते पडलं. लष्करी वाहतुकीचा जुना कच्चा रस्ता इथला डोंगर चढून पलीकडे उतरतो. साधारण ५०० ते ३,२५० मीटर उंचीचं जंगल त्यामुळे गाठता येतं आणि दर काही वळणांनंतर पक्षी बदलतात. पक्षीनिरीक्षकांना ईगलनेस्टची ओढ लागली ती यामुळेच.

१९९५ साली इथे आलेल्या एका खगोलशास्त्रज्ञाला दोन अनोळखी पक्षी ओझरते दिसले. पुढे पुण्यात नोकरीला असलेल्या या माणसाच्या मनातून ते गेले नाहीत. पुन्हा दिसायला २००५ उजाडलं. काळी टोपी, राखाडी-हिरवट अंग, पंखांवर पिवळा, लाल आणि पांढरा रंग. मे २००६मध्ये एक पक्षी जाळ्यात आला.

खरा पेच इथे सुरू झाला. नव्या जातीचं वर्णन करताना नमुना मारून संग्रहालयात ठेवायचा, ही जुनी रीत. पण तोवर मोजून चौदा पक्षी दिसले होते. म्हणून जाळ्यातल्या पक्ष्याची मापं घेतली, फोटो काढले, गळालेली पिसं जपून ठेवली आणि त्याला सोडून दिलं. त्याच पुराव्यावर त्याच वर्षी ‘बुगुन लिओसिक्ला’ हे नाव जाहीर झालं. पन्नासहून अधिक वर्षांनी भारतात पक्ष्याची नवी जात सापडली होती.

आक्षेप आले, आणि ते पोकळ नव्हते. सोमालियातल्या ‘खाटीक’ प्रकारच्या एका पक्ष्याचं १९९१मध्ये असंच जिवंत पक्ष्यावरून बारसं झालं होतं. २००८मध्ये डीएनए तपासल्यावर तो आधीच माहीत असलेल्या जातीचाच निराळा रंग निघाला. अख्खा नमुना हाताशी असला की अशा शंका लवकर मिटतात, हे मान्य. तरीही माझ्या मते सोडून देण्याचा निर्णयच योग्य होता. चौदातला एक मारणं म्हणजे कदाचित एक जोडी मोडणं, आणि कातडं कपाटात ठेवून ती परत येत नाही.

नाव इथल्या बुगुन जमातीवरून ठेवलं, तेही उचितच. कारण हा पक्षी ज्या उतारावर प्रामुख्याने दिसतो तो लामा कॅम्पचा परिसर अभयारण्याच्या हद्दीत नाही, तो बुगुन गावाच्या सामाईक जंगलात येतो. बाहेरचे लोक सरसकट ‘अभयारण्यातला पक्षी’ म्हणतात, तेव्हा गावाचा वाटा पुसला जातो. पक्षी पाहायला येणाऱ्यांच्या राहण्याजेवणाची सोय गावकऱ्यांनी उभी केली, त्यातून गावात पैसा येऊ लागला. २०१७मध्ये गावाने आपल्या जंगलाचा १७ चौरस किलोमीटरचा भाग सामुदायिक राखीव क्षेत्र म्हणून दिला. आता तिथे गस्त घालतात ती गावातलीच तरुण मुलं.